पक्केकाकांच्या घरची हेल्पलाईन

आरोग्य खात्यातल्या हेडक्लार्कना सगळे पक्केकाका म्हणत. कागद कुठलाही असो, तीनदा वाचून ‘पक्कं?’ असं स्वतःलाच विचारल्याशिवाय ते सही करत नसत. सव्वीस वर्षांत आपल्या टेबलावरून एकही चूक बाहेर गेलेली नाही, हे ते इतक्यांदा सांगत की नवीन रुजू झालेल्या माणसाला हजेरीचं रजिस्टर सापडण्याआधी ही माहिती मिळायची.

त्यामुळे सरकारी आरोग्य विम्याची वेबसाइट निघायची ठरली, तेव्हा तिच्यावरचा मजकूर तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. उद्घाटनाच्या सकाळी ते बायकोला म्हणाले, आता माझं काम संपलं, मंत्र्यांनी फक्त बटण दाबायचं.

मंत्र्यांनी बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर एक गोल फिरायला लागला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. गोल फिरतच राहिला. टाळ्या संपल्या, मंत्र्यांचं भाषण संपलं, पाहुण्यांचा चहा संपला, तरी गोल आपला इमानाने फिरतोय.

दुपारपर्यंत मंत्री म्हणाले, हे आधीच्या सरकारचं पाप. आधीचे मंत्री म्हणाले, आम्ही चांगली चालती वेबसाइट दिली होती, यांनी तिचा रंग बदलला आणि ती रुसली. सचिवांनी कंपनीकडे बोट दाखवलं, कंपनीने खात्याकडे, आणि खात्याने इंटरनेटकडे. पत्रकार परिषद घेता न येणारं तेवढं एकच उरलं होतं.

पक्केकाका निर्धास्त होते. अडकली ती मशीन, मजकुरात काना-मात्रेची चूक नव्हती. संध्याकाळी ते घरी आले आणि दारातच थबकले. आई फोनवर बोलत होती.

यात थबकण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण वडील जाऊन चौदा महिने झाले होते, आणि तेव्हापासून आई ‘हो’, ‘नको’ आणि ‘राहू दे’ या तीन शब्दांवर दिवस काढत होती. एके काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर असलेली बाई ती. घरातला जुना फोन काढून टाकायचा विषय निघाला की ती त्याच्यावर नुसता हात ठेवायची. मग विषय मिटायचा.

आता ती कानाला फोन लावून सांगत होती, “रडू नका. आधी पेशंटचं नाव सांगा, मग वय, मग हॉस्पिटल. मी लिहून घेते आहे.”

बायकोने त्यांना स्वयंपाकघरात ओढून सगळं सांगितलं. सकाळी अकरापासून फोन येतोय. लोक म्हणतात, अर्ज भरायला गेलं की नुसता गोल फिरतो. आई सगळ्यांची नावं वहीत लिहून घेते आहे. आणि आज दुपारी जेवताना आईंनी स्वतःहून पुन्हा वाढून घेतलं.

पक्केकाकांना तो दिवस आठवला. वेबसाइटची चाचणी चालली होती. ‘मदतीसाठी क्रमांक’ असा एक चौकोन होता, आणि त्यात काहीतरी भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. मोबाइलच्या या दिवसांत त्यांना पाठ असलेला नंबर एकच, घरचा. नंतर बदलू म्हणून त्यांनी तो भरला. नंतर त्यांनी ते पान तीनदा तपासलं. तिन्ही वेळा नंबर त्यांना बरोबर वाटला, कारण तो बरोबरच होता. वेबसाइटवरून तो पोस्टरवर गेला आणि पोस्टरवरून बसच्या पाठीवर.

सकाळी ऑफिसात जाऊन मुकाट्याने नंबर बदलायचा, असं त्यांनी ठरवलं. पण सकाळी आई अंघोळ करून, नवी वही आणि दोन पेन घेऊन फोनपाशी बसलेली दिसली. “लवकर येशील का आज?” तिने विचारलं. “योजनेच्या नियमांचं पुस्तक आण येताना. लोकांना उगाच काहीबाही सांगायला नको.”

ते पुस्तक घेऊन आले. नंबर तसाच राहिला. आईसाठी किती आणि आपल्या भीतीपोटी किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी मायलेकांनी पुस्तक वाचून काढलं. शेहेचाळिसाव्या पानावर एक कलम सापडलं: वेबसाइट बंद असल्यास कागदी अर्ज चालेल, हॉस्पिटलने तो नाकारू नये. हे पान पक्केकाकांनीच तपासलेलं होतं. त्यातला स्वल्पविरामसुद्धा त्यांच्या लक्षात होता, अर्थ मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आई प्रत्येकाला ते कलम वाचून दाखवू लागली. हॉस्पिटलच्या खिडकीवरचा माणूस ऐकत नसेल तर ती त्यालाच फोनवर बोलवायची. एका शिंप्याच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती, गुरुवारची तारीख मिळाली होती, आणि खिडकीवरून एकच उत्तर मिळत होतं, कॉम्प्युटर सुरू झाल्यावर या. आईने बुधवारी मुलाला रजा टाकायला लावली. पक्केकाका तो अर्ज स्वतः घेऊन गेले, खिडकीपाशी पुस्तक उघडून कलम वाचलं, आणि शिक्का बसेपर्यंत तिथून हलले नाहीत. शिंप्याने त्यांचा हात धरला. “पक्कं झालं,” एवढंच ते म्हणाले.

इकडे विरोधी पक्षाला सुगावा लागला होता. ज्या योजनेत काहीच चालत नाही, तिथे फोन उचलणारी ही बाई कोण? त्यांनी जाहीर केलं की ती मंत्र्यांची मावशी असून हेल्पलाईनचं कंत्राट घरात वाटलं गेलंय. मंत्री म्हणाले, बाई आधीच्या सरकारने नेमलेली आहे, तिनेच वेबसाइट पाडली. संध्याकाळच्या बातम्यांत दोन्ही बाजू आईवरून भांडत होत्या. आईने आवाज कमी करायला सांगितला, तिला पलीकडच्या माणसाचं ऐकू येत नव्हतं.

शुक्रवारी हेल्पलाईनच्या नंबरवरून चौकशीची बैठक बसली. चार तास बोटं फिरली आणि शेवटी डेटा एंट्रीच्या बाईंवर येऊन थांबली. सातवा महिना लागलेल्या, कंत्राटावरच्या बाई. नंबर त्यांनीच चुकवला असणार, त्यांना कमी करावं, असं सचिवांनी लिहायला घेतलं. बाई मान खाली घालून ओढणीच्या टोकाला पीळ देत बसल्या होत्या.

पक्केकाका उभे राहिले.

“साहेब, तो नंबर मी भरला. माझ्या घरचा आहे. फोन उचलते ती माझी आई.”

सचिवांनी हळूच विचारलं, “तुम्ही कुठल्या पक्षाचे?”

“कुठल्याच नाही साहेब. मी हेडक्लार्क आहे.”

सगळ्यांचे चेहरे पडले. विरोधकांना मंत्र्यांचं डोकं हवं होतं, मंत्र्यांना आधीच्या मंत्र्यांचं. हेडक्लार्कच्या डोक्याचा कुणालाच उपयोग नव्हता. नुसती चूक झाली, असं निघालं असतं तर राजकारण करायचं कशावर? बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘एका कर्मचाऱ्याने कौटुंबिक माहिती दिली.’ डेटा एंट्रीच्या बाईंचं नाव तेवढं खोडलं गेलं. बाहेर आल्यावर त्या आपल्या डब्यातला अर्धा खाऊ पक्केकाकांच्या टेबलावर ठेवून गेल्या.

पक्केकाकांना एक मेमो मिळाला: खाजगी दूरध्वनीचा शासकीय कामासाठी वापर केल्याबद्दल खुलासा करावा.

तो मेमो खिशात घालून ते घरी आले. सव्वीस वर्षांचं नाव बुडालं होतं, पण छाती मात्र हलकी झाली होती. आई फोन ठेवून हसत होती. शिंप्याची बायको शुद्धीवर आली होती, स्वतः दोन शब्द बोलली होती. पक्केकाका आईसमोर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. चाचणी, तो चौकोन, नंबर, भर बैठकीत उभं राहणं.

आईने चष्मा काढून पुसला.

“ते मला पहिल्याच फोनला कळलं होतं. नंबर कुठून मिळाला म्हणून विचारलं ना मी. सरकारी पोस्टरवर आपला नंबर, तो घालणारा तुझ्याशिवाय कोण?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू लगेच बदलला असतास.” तिने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. “आज उभा राहिलास, ते बरं केलंस. तुझ्या बाबांना आवडलं असतं.”

पक्केकाकांचे डोळे भरून आले. आईने वहीचं नवीन पान उघडलं, त्यावर तारीख घातली, आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“पण एक्स्चेंजमध्ये माझ्या हाताखाली असतास ना, तर तुला पहिल्या दिवशी घरी पाठवला असता,” ती म्हणाली. “आता ऊठ, तो फोन वाजायची वाट बघतोय आणि तू वायरवर बसला आहेस.”