दुबईला निघालेल्या कांद्याची दृष्ट

नामपूरच्या नवसाबाई कांद्याच्या कंटेनरमागोमाग थेट बंदरावर आल्या. मुलगा भारत म्हणाला होता, "आई, आपला माल पहिल्यांदाच दुबईला चालला." लेक सासरी निघाल्यावर आईनं घरात बसून कसं चालेल? जहाजावर माल चढवायची मुदत चारपर्यंत होती. साडेतीनला गेटवरच्या तपासणी साहेबांनी कंटेनर बाजूला घ्यायला लावला.

"कागदावर फक्त कांदा आहे," साहेबांनी कंटेनरच्या दाराकडे बोट केलं. "हे एक लिंबू, सात मिरच्या कुठून आल्या? बिनकागदाची भाजी परदेशी जात नाही."

"मीच बांधेल शे," नवसाबाई म्हणाल्या. "एवढा टपोरा कांदा, दृष्ट नको लागाले?"

"आई!" भारत कळवळला. "जहाज चुकलं तर इथंच कोंब फुटतील गं त्याला!"

"मग काढून टाका," साहेब म्हणाले.

पण काढणार कोण? नामपूरपासूनच्या सगळ्या रस्त्याची दृष्ट त्या लिंबानं ओढून घेतलेली. ट्रेलरवाल्यानं हात पाठीमागे नेले. गार्ड म्हणाला, आपल्या ड्यूटीत बसत नाही. साहेबांनी पेनानं ते जरा हलवून पाहिलं आणि पेनच फेकून दिलं.

शेवटी नवसाबाईंच्या पदरावर पिवळं हेल्मेट चढलं, लुगड्यावर चकाकतं जाकीट आलं. एका हिसक्यात त्यांनी दोरा तोडला.

कंटेनर क्रेनखाली गेला आणि क्रेन हलेना. वॉकीटॉकीवर वरच्या क्रेनचालकाचा, चंदर कोळ्याचा आवाज आला, "लिंबू तोडलेला डबा मी नाय उचलनार. आज अमाशा हाय. परत बांधा."

"बांधलं तर मी सोडणार नाही!" साहेब ओरडले.

"नाय बांधलं तर मी उचलनार नाय!"

चाराला दहा कमी. भारत डोकं धरून खाली बसला. नवसाबाई हेल्मेट सावरत म्हणाल्या, "साहेब, तुमना कायद्यात चित्राले बंदी शे का?"

साहेबांनी पुस्तिका चाळली. बंदी नव्हती. डब्यावर खडूनं खूण करायचा अधिकार मात्र एकट्या साहेबांना होता. इकडेतिकडे पाहत त्यांनी दारावर खडूनं लिंबू काढलं, मिरच्या काढायला घेतल्या.

"ती चौथी नीट काढा," नवसाबाई म्हणाल्या. "वांगं दिसी राहिनं. मग त्याना कागद कुठून आणू?"

साहेबांनी मिरचीला टोक काढलं. वरून चंदर म्हणाला, "आता कसं!" आणि कांदा उचलला गेला. नवसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

साहेब हात झटकत वळले. मागच्या ट्रेलरवाल्यानं ओल्या फडक्यानं आपल्या कंटेनरचं दार लख्ख पुसून ठेवलं होतं.

"साहेब," तो अदबीनं म्हणाला, "आमचं जरा मोठं काढा. लांब जायचंय."