बिराजदारांची फळी

मोटारसायकल चालवताना बिराजदारांचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं असायचं. गाडी स्टँडवर लावली, की ते काढून डोक्यावर घालायचे, पट्टा आवळायचे आणि मग बँकेत शिरायचे. पहारेकरी अशा माणसाकडे कसा बघतो, हे मी त्यांच्यामागे उभं राहून पाहिलं आहे.

"काका, हेल्मेट काढा," पहारेकरी म्हणाला.

बिराजदारांनी बोट आढ्याकडे नेलं. "वर काय हाय?"

"वर दुसरा मजला हाय."

"त्याच्यावर?"

"तिसरा."

"मंग? काढू म्हणता?"

पहारेकऱ्यानं एकदा वर पाहिलं आणि तो दारापासून थोडा बाहेर सरकून उभा राहिला. बिराजदारांची भीती संसर्गजन्य होती.

"वर काय हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. लग्नाची पत्रिका आली, की वर-वधूंची नावं वाचायच्या आधी ते मंगल कार्यालयाचा पत्ता वाचायचे. मांडव असेल तर जेवून यायचे, स्लॅब असेल तर बाहेरून अक्षता टाकून यायचे. हॉटेलात ते कधी आत बसले नाहीत. कुणाच्या घरी गेले, तर आधी छताकडे, मग दाराकडे आणि शेवटी यजमानाकडे पाहून नमस्कार करायचे.

नांदेडात आमच्या शेजारच्या प्लॉटवर त्यांचं पत्र्याचं घर होतं. घरात माळा नव्हता, फळ्या नव्हत्या, छताचा पंखा नव्हता. भिंतीवर एक कागदी कॅलेंडर होतं. वहिनी एकदा आमच्याकडे तक्रार करत होत्या, "देव्हारा बी जमिनीवर ठिवलाय वो. म्हणतेत, देव पडला तर त्याला लागायला नको."

बिराजदार मूळचे लातूर जिल्ह्यातले. भूकंपात जी गावं गेली, त्यांतलं एक त्यांचं. त्यानंतर ते नांदेडला आले, ते परत गेले नाहीत. मी वर्तमानपत्रात काम करतो, हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच भेटीत मला बजावलं होतं, "त्या पहाटेचं इचारू नका. लिहिणाऱ्यांनी लई लिहिलंय. तुमच्या हापिसात वर काय हाय, ते सांगा."

त्यांचा धंदा फायबरचा. बाथरूमची दारं, पाण्याच्या टाक्या, गणपतीचे मुकुट असं काहीही ते करायचे. शहरात क्लासेसचं पेव फुटलं, तशी त्यांना पाट्यांची कामं येऊ लागली. आत थर्माकोल, वर फायबर अशी माणसाएवढी अक्षरं ते बनवायचे. अक्षरं चढवायला दुसरी माणसं असायची. हे रस्त्याच्या पलीकडे हेल्मेट घालून उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, "खाली घ्या, वाकडं बसून राहिलंय!"

थर्माकोल त्यांचा आवडता पदार्थ. "अंगावर पडला तर माणूस हसतो. आणखी काय पाहिजे?"

मोबाइलवर त्यांना कधीतरी पॅडलबोर्ड दिसला. समुद्रात एक माणूस लांबट फळीवर उभा राहून वल्हं मारतो आहे. बिराजदारांनी ते चित्र मला दाखवलं. बोट त्या माणसाच्या डोक्यावरच्या मोकळ्या आभाळावर ठेवलं. "बघा. वर काहीच न्हाई. बाजूला काही न्हाई. आन् खाली जमीन बी न्हाई. हलायचं म्हणलं तरी काय हलंल?"

त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याची भीती होतीच. पण जमिनीच्या भीतीपेक्षा ती थोडी कमी होती.

पहिल्या फळीसाठी त्यांनी थर्माकोल कापून, घासून आकार दिला आणि सवयीनं दारांसाठीचं पातळ रेझिन वर ओतलं. ते रेझिन थर्माकोल खातं. अक्षरांवर ते आधी पुट्टीचा थर द्यायचे. उत्साहात तो राहिला. आमच्यासमोर फळी आतून विरघळत गेली. वरचा पापुद्रा मात्र तसाच चमकत होता. बिराजदार दोन पावलं मागे सरले. "बघितलं? वरून काय बी कळत न्हाई. अशाच इमारती असतेत."

दुसरी फळी योग्य रेझिन आणून केली. ती विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात तरंगली. बिराजदार तिच्यावर उभे राहिले नाहीत, बसले. अंगात लाइफ जॅकेट, त्यावर ट्रॅक्टरची ट्यूब. पण चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

मग सुधारणा सुरू झाल्या. प्रत्येक सुधारणेमागे एक भीती होती. फळी कलंडली तर? म्हणून ती रुंद झाली. आणखी रुंद झाली. उस्मानभाई म्हणाले, "साब, आता हिला पाय लावा, पलंग म्हणून विकू." उस्मानभाई सीट कव्हर शिवायचे. त्यांचं दुकान बिराजदारांच्या शेडला लागून होतं.

पुढची भीती अशी, की लांब गेल्यावर हात थकले तर वल्हं कोण मारणार? इंजिनावर त्यांचा विश्वास नव्हता. वारा मात्र फुकट आणि बिनबिघाडाचा. म्हणून फळीला शीड लावायचं ठरलं. डोलकाठी बांबूची. ती फळीवर जिथे बसते, तो सांधा सगळ्या बाजूंना वाकावा लागतो. त्यासाठी त्यांनी स्कूटरचा रबरी बुश वापरला. आणि शीड केलं एका क्लासच्या जुन्या फ्लेक्सचं.

त्या फ्लेक्सवर गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे चेहरे होते. उस्मानभाई सुई हातात घेऊन बसून राहिले. "साब, ह्या लेकरांच्या तोंडावर टाके कसे मारू? आईबाप बघतील तर?"

"पाण्यावर कोण बघतंय? मारा."

"एकाचा डोळा जातोय."

"त्याला नंबर लागलाय. आता त्याला काय व्हतंय?"

पहिल्याच दिवशी फळी पुढे जायच्याऐवजी आडवी सरकत गेली. बिराजदारांनी परत येऊन तळाला मधोमध एक फायबरचं पातं बसवलं. मग ती सरळ जाऊ लागली. यामुळे नवी भीती निर्माण झाली. सरळ गेली आणि थांबलीच नाही तर?

म्हणून त्यांनी फळीला लांब दोरी बांधली आणि दुसरं टोक काठावरच्या बाभळीला.

वारा आला. शीड भरलं. गुणवंतांचे गाल फुगले. बिराजदार पहिल्यांदा उभे राहिले आणि खरंच वेगानं निघाले. मी आणि उस्मानभाई काठावरून बघत होतो. आम्हाला दोरी दिसत होती. ती पाण्यातून हळूहळू वर येत होती.

"साब!" उस्मानभाई ओरडले.

दोरी ताणली. फळी जागच्या जागी थांबली, बिराजदार थांबले नाहीत. पाण्यात पडले तेव्हा ट्यूब काखेतून निसटून वर गेली. काही क्षण पाण्यावर फक्त ट्यूब होती. उस्मानभाईंनी माझा दंड धरला. जॅकेटसकट बिराजदार वर आले, खोकले, आणि फळीला धरून म्हणाले, "दोरी आखूड झाली."

दोरी काढून टाकावी, हे त्यांना सुचलं नाही. त्यांनी ती लांब केली.

त्यांची मुलगी प्रणिता अकरावीला होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. ती क्लासला जाऊ लागली तेव्हा बिराजदारांची अट होती, की वर्ग तळमजल्यावर हवा आणि तिनं दाराजवळ बसायचं. क्लास सुटेपर्यंत ते समोर रस्त्यावर आपल्या पाट्या वाहायच्या टेम्पोत बसून राहायचे. पोरं तिला "हेल्मेटची पोरगी" म्हणायची. तिनं तेही सोसलं.

उन्हाळ्यात क्लास नव्या इमारतीत गेला. प्रणिताची तुकडी चौथ्या मजल्यावर.

"नाव कमी करतो," बिराजदार म्हणाले.

घरं लागूनच असल्यानं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. प्रणिता शांतपणे म्हणाली, "पप्पा, नाव कमी केलं तर मी पुस्तकं बी आसना नदीत टाकून येते. मंग बसू दोघं बी पत्र्याखाली."

दोन दिवस गेले. मग तडजोड झाली. बिराजदार खाली थांबणार. इमारतीतून एक जरी आवाज आला, तडा, कडाका, काहीही, तर प्रणितानं दप्तर घेऊन खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं नाही. प्रणिता हो म्हणाली. तिनं मला नंतर विचारलं होतं, "काका, नवीन इमारत आवाज करते का हो?" मी नाही म्हणालो. मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात नवी फळी तयार झाली. अशा फळीत आतली हवा उन्हानं फुगते. ती निघून जावी म्हणून वरच्या बाजूला एक बारीक भोक आणि त्याला स्क्रू ठेवतात. बिराजदारांना ते पटलं नव्हतं. "बोटीला मुद्दाम भोक? कुण्या शहाण्यानं सांगितलं?" त्यांनी भोक रेझिननं बुजवलं, वरून फायबरचा तुकडा चिकटवला आणि सगळ्या फळीला रंग दिला. काळा. पाण्यावर चटकन दिसावी म्हणून.

ती फळी टेम्पोवर बांधून आम्ही क्लाससमोर उभे होतो. क्लास सुटला, की प्रणिताला घरी सोडून धरणावर जायचं होतं. ऊन असं होतं, की टेम्पोच्या दाराला हात लावता येत नव्हता. बिराजदार चौथ्या मजल्याच्या खिडक्यांवर नजर लावून बसले होते. मध्येच म्हणायचे, "ऐकलं?" मी म्हणायचो, "काय?" ते म्हणायचे, "न्हाई. काही न्हाई."

त्यानंतर आवाज झाला.

तो कसा होता, हे नीट सांगता येणार नाही. आमच्या डोक्यावर झाला, पण समोरच्या इमारतीवर आदळून परत आला, म्हणून तिकडूनच आल्यासारखा वाटला. चहाच्या टपरीवरची माणसं पळाली. कुणीतरी "भूकंप!" असं ओरडलं. नांदेड-लातूरकडे हा शब्द पुन्हा सांगावा लागत नाही. रस्त्यावरची दुकानं रिकामी झाली. इमारतीच्या जिन्यातून पोरांचा लोंढा खाली येऊ लागला. चपला, दप्तरं, किंचाळणं. एक मुलगी पायरीवर पडली आणि मागच्यांनी तिला उचलूनच पुढे आणलं. माझे पाय हलेनात.

मी शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. हेल्मेट आरशाला लटकत होतं.

बिराजदार जिन्यात होते. खाली येणाऱ्या पोरांना छातीनं बाजूला सारत, कठडा धरून ते वर चालले होते. "सरा! सरा बाबांनो!" एवढंच ऐकू आलं. मग दिसेनासे झाले.

प्रणिता मागच्या जिन्यानं मैत्रिणींबरोबर खाली आली होती. ती धावत टेम्पोपाशी आली, आत पाहिलं, टेम्पोखाली पाहिलं. "पप्पा कुठंयत?"

"वर," मी म्हणालो.

तिला ते समजलं नाही. "वर कुठं?"

मी बोट दाखवलं. ती पळत सुटली, मी तिच्यामागे.

चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या वर्गात बिराजदार वाकून एकेका बाकाखाली बघत होते. "प्रणे," ते हळू आवाजात म्हणत होते, झोपलेल्या मुलाला उठवावं तसं. "प्रणे, ऊठ. चल."

"पप्पा."

ते उभे राहिले. घामानं सदरा अंगाला चिकटला होता, एक चप्पल नव्हती. ती दारातच थांबली होती. ती म्हणाली, "पप्पा, वर काय हाय?"

"बघायचं राहिलं," ते म्हणाले.

मग त्यांनी मान वर केली. स्लॅब, नळ्या, गरगरणारे पंखे. दोन्ही हातांनी बाक धरून ते त्यावर बसले. प्रणिता शेजारी जाऊन बसली. खिडकीतून खाली टेम्पो दिसत होता. फळीची पाठ उलून गेली होती, आतला पांढरा थर्माकोल बाहेर आला होता.

"तुमची फळी फुटली," ती म्हणाली. "आवाज तिचाच होता."

बिराजदारांनी विचार केला. "म्हंजे इमारतीनं काही केलं न्हाई."

"न्हाई."

"मंग नाव कशाला कमी करायचं?"

पुढच्या महिन्यात धरणाच्या काठावर ते आणखी एक फळी घासत होते. पांढरी. भोक होतं, स्क्रू होता. मी काही विचारलं नव्हतं. पॉलिश पेपर चालवता चालवता तेच बोलू लागले.

"त्या पहाटे माळवदाचं छत खाली यायच्या आत मी बाहेर होतो. पायांनीच नेलं. धाकटी बहीण बाजूलाच झोपलेली होती. एक हात मागं करायचा होता. न्हाई केला." पेपर पुढे-मागे होत राहिला. "लोकांना वाटतं, बिराजदार छताला भेतो. छताचं काय, ते पडतं न्हाईतर न्हाई पडत. मी ह्या पायांना भेत होतो, की परत वेळ आली, तर हे पुन्हा कुणाला तरी टाकून पळतील. पाण्यावर म्हणून बरं वाटायचं. तिथं एकलाच असतो. मागं कुणी राहात न्हाई."

त्यांनी मला रबराचा एक तुकडा दाबून धरायला सांगितला. पाय घसरू नये म्हणून फळीवर असा तुकडा चिकटवतात. एक डोलकाठीच्या मागे, त्यांच्या जागेवर, आधीच होता. हा पुढे होता.

प्रणिता चपला हातात घेऊन उतारावरून आली. तिनं लाइफ जॅकेट घातलं, ट्यूबला मात्र नकार दिला. ती पुढे बसली, बिराजदार मागे उभे राहिले. उस्मानभाईंनी या वेळी शीड साध्या कापडाचं शिवलं होतं. वारा बेताचा होता. फळी काठापासून सुटली आणि सरळ, संथ, पाण्याच्या मधोमध निघाली.

दोरी बाभळीला पक्की बांधलेली होती. तिचं दुसरं टोक माझ्या पायाशी पडलेलं होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.