ईमेलखालची जाहिरात

धंदा कसा वाढवावा, हे मला विचारा! निदान त्या मंगळवारी सकाळी तरी विचारायला हरकत नव्हती. झुरळं, ढेकूण, वाळवी मारायचा माझा धंदा. एका व्याख्यानात मला नामी युक्ती मिळाली होती. ईमेलच्या शेवटी आपली सही असते ना, तिथेच जाहिरात टाकायची! एकदा बसवली की प्रत्येक ईमेलबरोबर आपोआप जाते.

तासभर डोकं खाजवून मी मजकूर केला: "नकोसे पाहुणे घरात ठाण मांडून बसलेत? एका दिवसात बाहेर काढू! पुन्हा दिसले, तर पुन्हा बघून घेऊ!" खाली उताण्या पडलेल्या झुरळाचं झकास चित्र, आणि त्या चित्रातच कंपनीचं नाव.

पहिलीच ईमेल गेली सासऱ्यांना. ते निवृत्त मुख्याध्यापक. शनिवारपासून पंधरा दिवस दोघं राहायला येतो, असं त्यांनी कळवलं होतं. मी लिहिलं, "अवश्य या. वाट बघतोय."

संध्याकाळी बायको फोन घेऊन समोर उभी! तिचा चेहरा बघून वाळवीनंसुद्धा दार सोडलं असतं.

"बाबांना काय लिहिलंत तुम्ही?"

"या म्हणून लिहिलं!"

"आणि त्याच्या खाली?"

बाबांच्या जुनाट कॉम्प्युटरवर चित्रं उघडतच नाहीत. झुरळ गेलं, कंपनी गेली, उरले फक्त नकोसे पाहुणे! बाबांनी भरलेल्या बॅगा रिकाम्या केल्या होत्या. माझा फोनही ते घेईनात.

मी घाईघाईनं लिहिलं, "बाबा, गैरसमज झाला. हे घर तुमचंच आहे. हवे तितके दिवस राहा." पाठवलं आणि हुश्श केलं.

दहा मिनिटांत बायको परत हजर. "अहो, पुन्हा तेच?"

सही आपोआप जाते! मी ती काढून टाकली आणि बाबांच्याच ईमेलला उत्तर म्हणून तिसरी ईमेल पाठवली. पण नव्या ईमेलची सही वेगळी आणि उत्तराची वेगळी, हे त्या व्याख्यात्यानं कुठं सांगितलं होतं? बाबांना तिसऱ्यांदा बाहेर काढलं गेलं!

"आता प्रत्यक्ष जाऊन पाय धरा," बायकोनं फर्मावलं.

रविवारी तीन तास गाडी हाकत आम्ही गेलो. बाबांनी दार उघडलं. मी वाकणार, तोच त्यांनी आम्हा दोघांना आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"जावईबापू," ते कुजबुजले, "तुम्हाला कळलं कसं?"

"काय?"

त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि गादीचं टोक उचललं. ढेकूण! जत्राच भरलेली!

"पहिल्या पत्रानं फार लागलं मनाला," बाबा म्हणाले. "दुसऱ्यानं संताप आला. तिसरं आल्यावर वाटलं, हा माणूस आमची अब्रू राखून आडून विचारतोय. अहो, आम्ही तिकडे येणार होतो ते यांना कंटाळूनच! तुमच्या सासूबाईंना वाटलं, पंधरा दिवसांत उपाशी मरतील."

"ते महिनोन्‌महिने उपाशी राहतात, बाबा. आणि बॅगेत बसून प्रवासही करतात!"

बायकोनं पलंगावर ठेवलेली पर्स चटकन उचलली.

सामान गाडीत होतंच. दिवसभर मी गाद्यांना, पलंगाच्या सांध्यांना वाफ दिली, फवारणी केली. लग्नाला अकरा वर्षं झाली. बाबा माझी ओळख "औषधांचं काहीतरी करतात" अशी करून द्यायचे. आज तेच बॅटरी धरून उभे! "शिवणीत राहिले! त्या कोपऱ्यात बघा! एवढा अभ्यास असतो होय यात?" माझ्या पाठीवर त्यांनी थाप मारली, तेव्हा मी झालेल्या गादीला उगाच पुन्हा एकदा वाफ दिली.

मग ते कॉम्प्युटरवर बसले आणि समस्त नातेवाइकांना त्यांनी एकच ईमेल धाडली. "ढेकणांची लाज बाळगू नये. आमच्या गादीत शेकडो होते. आमच्या जावयांनी समूळ नाहीसे केले. ते या विषयातले तज्ज्ञ आहेत."

आठवड्यात सात कामं आली! पुढचा महिनाही भरत आलाय. बाबा रोज फोन करून चौकशी करतात.

सासूबाई मात्र बोलत नाहीत. ढेकणांची गोष्ट त्यांनी शेजारणीपासूनही लपवली होती. आणि ईमेल जरी बाबांनी लिहिली असली, तरी अबोला माझ्याशी!