मी धुतलेलं इंजिन

ट्रकचं इंजिन भांड्यांच्या साबणानं घासायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा मी जेमतेम त्रेसष्टची. म्हणजे अक्कल यायला अवकाश होता आणि हातात जोर मात्र भरपूर. बरं, इंजिन आमचंही नव्हतं. ते विनायकरावांचं.

खडकीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर विनायकराव एकटेच राहतात. एकेकाळी त्यांचे चार ट्रक वाळू-विटा वाहायचे. तीन विकले, चौथा शेजारच्या रिकाम्या प्लॉटात उभा. माणूस सज्जन, पण बगलेत कायम एक लांबलचक स्क्रूड्रायव्हर. दिसेल त्या यंत्राला त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. माझा मिक्सर असाच तपासून म्हणाले, "वहिनी, हा दिवाळी बघणार नाही." नवरात्रातच गेला. त्यानंतर मी त्यांना फ्रिजच्या आसपास फिरकू दिलं नाही.

कुणी आजारी पडलं की त्यांचा पहिला प्रश्न, "धूर काय म्हणतो?" म्हणजे तब्येत कशी आहे. आमचे हे दिवसभर खुर्चीत बसून असतात, त्यांच्याबद्दल विनायकरावांचं मत, "पिकअप नाही, पण ऑइल पीत नाही. राहू द्या."

पण खुद्द त्यांच्या ट्रकचा धूर काही बरं म्हणेना. निळा निळा निघायला लागला. तेव्हा इंजिन बोअर करायचं ठरलं. म्हणजे सिलिंडरच्या झिजलेल्या भिंती आतून तासून भोकं जरा रुंद करायची आणि त्यात मोठे पिस्टन बसवायचे.

त्यांचा मुलगा निखिल हिंजवडीहून रविवारी आला की सुरू व्हायचा. "बाबा, वर्थ नाहीये हे. भंगारात द्या ना सरळ."

"तू दर तीन वर्षांनी लॅपटॉप टाकतोस, म्हणून दिसेल ते टाकशील?"

अन्वर मिस्त्रीचंही मत वेगळं नव्हतं. "काका, ही शेवटची साइज. यापुढं भिंतीत माल उरत नाही. परत तासायची वेळ आली तर किलोवरच विकायचं."

"मग शेवटचं नीट कर."

अन्वर रोज सकाळी यायचा. आधी चहा, मग भांडण, मग दुसरा चहा, आणि वेळ उरलाच तर काम. त्यानं पिस्टन आणले, विनायकरावांनी परत पाठवले. रिंगा आणल्या, त्या नजरेला पटल्या नाहीत. मी एकदा विचारलं, "अहो, इंजिन झाल्यावर ट्रक वाहणार काय? भाडं कोण देतंय?" तर स्क्रूड्रायव्हर पुसत बसले.

अखेर इंजिनाचा तो सहा भोकांचा लोखंडी ठोकळा तासून आला आणि त्यांच्या व्हरांड्यात बसला. दुसऱ्या दिवशी निखिलचे सासू-सासरे यायचे होते. विनायकराव आणि अन्वर उरलेलं सामान आणायला नाना पेठेत गेलेले, किल्ली माझ्याकडे. म्हटलं, पाहुण्यांसमोर हे तेलकट ध्यान बरं दिसत नाही. नळाला पाइप लावला, साबण घेतला आणि सहाही भोकं कोपरापर्यंत हात घालून घासली. अशी लखलखली म्हणता! ओल्या चादरीनं झाकून ठेवली आणि सकाळी सगळ्यांना चकित करायचं ठरवून झोपले.

सकाळी चादर काढली. सहाही भोकांत शेंदूर फासल्यासारखा गंज.

अन्वर मटकन पायरीवर बसला. "चाची, गंजू नये म्हणून तर तेल लावलं होतं! पाण्यानं धुतलंत?"

"साबणानंही," मी म्हणाले. खोटं कशाला बोला?

"वरवरचा असेल तर वाचेल. खोल गेला असेल तर संपलं."

तो बारीक पॉलिश पेपर घेऊन वाकला. विनायकरावांनी त्याच्या खांद्यावरून मान पुढं काढली. एक भोक घासलं, बोट फिरवलं. दुसरं घासलं. आमचे हे जिन्यापर्यंत आले आणि रंग बघून परत वर गेले.

"वाचेल," अन्वर शेवटी म्हणाला. "तासायला नको, पण परत नेऊन आतनं हलका हात मारावा लागेल, काका. अजून एक आठवडा गेला म्हणायचा." आणि हात धुवायला नळावर गेला.

विनायकराव स्क्रूड्रायव्हर पुसायला लागले. मला ते सोसेना. म्हटलं, "ओरडा की हो एकदाचे! तेवढंच मला बरं वाटेल."

त्यांनी नळाकडे बघितलं, जरा जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोला, वहिनी. आज इंजिन चढलं असतं, तर उद्यापासून अन्वर कशाला आला असता?"