मागची सीट आडवी आहे

जगातली प्रत्येक मोकळी जागा मुळात गोणीची असते. माणूस तिथे तात्पुरता बसलेला असतो. हे सत्य पुष्कळांना उतारवयात कळतं. ताडकळसच्या व्यंकटरावांना ते परभणीतल्या एका शोरूमच्या दारात, नारळ फोडताना कळलं.

महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर व्यंकटरावांनी गाडी घेतली. कारण एकच, पत्नी धुरपताबाई. या बाईंनी जन्मभर सेलूचं माहेर एसटीने गाठलं होतं, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दुसऱ्याच कुणाचं तरी लेकरू घेऊन. "एकदा तरी आपल्या गाडीत मागं बसून भावाच्या दारात उतरायचंय," एवढंच त्यांचं मागणं होतं. (पुढे का नाही? पुढे बसणाऱ्याला रस्ता दाखवावा लागतो, मागे बसणारा नुसता बसतो. बाईंना नुसतं बसायचं होतं.)

गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने मागच्या सीटच्या कडेची कळ दाबली. पाठ धप्पकन पुढे पडली आणि मागे मैदान तयार झालं. सोबतच्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आता ही परत उभी करायची म्हणजे..." असं विक्रेता म्हणत होता, नेमका तेव्हाच व्यंकटरावांनी नारळ फोडला. सगळे खोबऱ्याकडे वळले, विक्रेताही वळला, आणि विषय तिथेच निकाली निघाला.

त्या दिवशी पुढच्या सीटवर शेजारचे किराणा दुकानदार बन्सीधर बसले, कारण त्यांना गाडीचा अनुभव होता (ते पूर्वीही एकदा गाडीत बसले होते). धुरपताबाई एसटीने आल्या.

घरी व्यंकटरावांनी कळ पुन्हा दाबली. सीट उठली नाही. जोरात दाबली, हळू दाबली, एकदा देवाचं नाव घेऊन दाबली. एवढ्या महागाच्या गाडीत हाताने काही उचलावं लागेल, हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. तसं असतं तर बैलगाडी काय वाईट होती? बरं, शोरूमला विचारावं, तर ज्याने हयातभर लोकांना "उद्या या" सांगितलं, त्याला "हे कसं करायचं हो?" विचारणं फार जड जातं. शेवटी त्यांनी ओट्यावर बसून निर्णय जाहीर केला, "सीट आपन मुद्दामच पाडून ठेवलीय. सामानाची सोय."

सोय दिसली की ती वापरणं हे आपलं सामाजिक कर्तव्य असतं. दुसऱ्याच दिवशी बन्सीधर आले. "साहेब, गाडी परभणीला जायलीच हाय, तर रिकामी कशाला न्यायची?" या प्रश्नाला आमच्या भागात उत्तर नाही. रिकामी गाडी नेणाऱ्याला लोक उष्ट्या हाताने कावळा न हाकणाऱ्यांत जमा करतात.

पहिल्या वर्षात त्या गाडीने वाहिलेला माल पुढीलप्रमाणे: सोयाबीनचं बियाणं, ढेपेची पोती, दोन कूलर, भजनी मंडळाची पेटी, गिरणीची मोटार आणि एक पाइप, ज्याचं पुढचं टोक पूर्णेला पोचलं तरी मागचं अजून गावाबाहेर पडत होतं. शेळ्या, तीन (एक जाताना, दोन येताना; मध्ये काय झालं ते शेळीला ठाऊक). मागे बसलेली माणसं, शून्य. पुढे बसलेली माणसं नेहमी एक, कारण माल तिथे मालक हा नियम होता आणि मालक कधीच धुरपताबाई नव्हत्या.

हळूहळू सीट पाडणं प्रतिष्ठेचं झालं. पूर्णेच्या महारुद्र गुरुजींनी आपल्याही गाडीची सीट पाडली आणि ते लेकरांना रिक्षाने शाळेत धाडू लागले. एका सोयरिकीच्या बैठकीत "मुलाकडं गाडी हाय का?" यानंतर "सीट पाडलेली हाय ना?" असं विचारण्यात आलं. मुलाची सीट उभी होती. सोयरीक मोडली.

यात फटका बसला सिद्धोधनला. त्याचा मालवाहू टेम्पो होता आणि सगळा माल आता गाड्यांतून जाऊ लागला होता. पण त्याने पाहिलं की गाड्यांच्या मागे रस्त्यावर एक नवाच माल पडून आहे, तो म्हणजे गाडीमालकांची कुटुंबं. त्याने टेम्पोत गादीचे बाक टाकले, पंखा लावला, पाण्याचा जार ठेवला. माल गाडीतून आणि माणसं टेम्पोतून, अशी व्यवस्था पूर्ण झाली. तिच्यात कुणालाही दोष दिसला नाही.

मग धुरपताबाईंच्या सेलूच्या भाचीचं, राजेश्रीचं, लग्न निघालं. बाईंनी आधीच बजावलं, "आवो, ह्या खेपंला मी गाडीत बसनार." व्यंकटराव "बघू" म्हणाले. (बघू हा महसुली शब्द असून त्याचा अर्थ नाही असा होतो.) तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, गाडी येतच हाय, तर तिकडून मोठी पातेली आन् पराती आना. इकडं लय कमी पडायलेत." व्यंकटरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

लग्नाच्या सकाळी गाडी भांड्यांनी भरली. भांडी बन्सीधरांची, म्हणून पुढे बन्सीधर. धुरपताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून टेम्पोत, सिद्धोधनच्या शेजारी, आपल्याच गाडीच्या मागे. परभणी ओलांडेपर्यंत त्या समोरच्या काचेतून पराती बघत होत्या. पराती मजेत निघाल्या होत्या.

पुढे चहाला थांबले. बाई उतरल्या, तडक गाडीकडे गेल्या, डिकी उघडली आणि एकेक पातेलं रस्त्याच्या कडेला मांडू लागल्या.

"अगं, लोक बघायलेत!"

"बघू द्या. मी आता बसनार."

"ती सीट उठत न्हाई गं." एवढे दिवस दाबून ठेवलेलं वाक्य बाहेर पडताना व्यंकटरावांचा आवाज चिरकला. "मला येत न्हाई उचलायला."

बाईंना राग आला, पण त्याहून वाईट जास्त वाटलं. "वरीस झालं, आन् आज सांगायलाव?" त्यांनी पदर खोचला, त्या रागातच सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि वर ओढली. खट् आवाज झाला आणि सीट उभी राहिली.

"गेली का जागा!" बन्सीधर हळहळले.

भांडी टेम्पोत चढली. (सिद्धोधनने त्यांना मालाचं नव्हे, माणसांचं भाडं लावलं, कारण ती बाकावर बसली होती.) धुरपताबाई गाडीत मागे बसल्या, काच खाली केली आणि सीटवरून हात फिरवत राहिल्या. व्यंकटराव आरशातून ते बघत होते आणि त्यांना लाज वाटत होती.

सेलूला भावाच्या दारात गाडी थांबली. टेम्पो अजून मागेच होता. धुरपताबाई मागचं दार उघडून उतरल्या, पदर सारखा केला आणि हसून उभ्या राहिल्या. भाऊ धावत आला, त्यांच्या खांद्यावरून गाडीत डोकावला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"आक्का, पातेली कुटं हायत?"

निघताना त्याच भावाने हरभऱ्याची दोन पोती गाडीपाशी आणून टेकवली. "गाडी रिकामीच जायलीय, तर न्या."

"रिकामी न्हाई," धुरपताबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या. "मी हाय."

हे उत्तर पंचक्रोशीत कुणाला पटलेलं नाही. एवढ्या चांगल्या जागेची नासाडी, असंच अजून बोललं जातं.

आपल्याला ताडकळसकरांचं हसू आलं असेल. हरकत नाही. फक्त आत्ता आपल्या शेजारच्या खुर्चीवर काय ठेवलंय, तेवढं पाहून घ्या: पिशवी, घडी न घातलेले कपडे, काल आणलेलं सामान. मग ती खुर्ची घेतली होती कुणासाठी, आणि ते माणूस या घटकेला घरात कुठे उभं आहे, तेही पाहा. सामान उचलावंसं वाटलं आणि पाठोपाठ "बघू" असं मनात आलं, तर काळजी करू नका. आपल्या घरच्यांची सोय सिद्धोधनकडे आहे. बाक मऊ आहेत.