नेस्तोर कोणाचा?

डोळ्यांच्या डॉक्टरचं निमित्त काढून म्हातारा फुल्हेन्सियो गावाहून माद्रिदला आला, त्यात त्याचा फायदाच होता. मुलगा नेस्तोर डोळे भरून पाहता येणार होता आणि त्याच्या लग्नाला आपण गेलो नाही, हा विषय निघणार नव्हता. नेस्तोरच्या घरी राहणाऱ्या उनाईला तो आजवर 'तो भाडेकरू' म्हणत आला होता. पाहुणचार घ्यायचा आणि शब्द न बदलता परत जायचं, असा चोख व्यवहार.

माद्रिदच्या चुएका वस्तीतली दुपार. जेवणानंतरच्या झोपेतून तो उठला, तेव्हा उजेड संथ पाण्यासारखा भिंतींवर हलत होता आणि गल्लीतलं हसणं तळ्याच्या तळातून यावं तसं वर येत होतं. अर्धवट झोपेत, पायजम्यावरच, तो तिसऱ्या मजल्याच्या सज्जात गेला. वाऱ्यानं मागचं दार लागलं. खटका आतून, आणि घरात कोणी नाही.

खाली रंगीत छत्र्यांखाली वर्मुथ दारूचे पेले चमकत होते. दोन मिशीवाले एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होते.

"अहो, वर बघा! अडकलोय मी!"

समोरच्या सज्जातून लोणचीवाली रेमेदियोस डोकावली. "किल्ली कोणाकडंय, आजोबा?"

"नेस्तोरकडे!"

"कुठला नेस्तोर? गल्लीत चार आहेत."

"उंच!"

"चौघंही उंचच. नेस्तोर कोणाचा ते बोला ना!"

फुल्हेन्सियोला हायसं वाटलं. त्याच्या गावातही माणूस असाच ओळखतात. छाती फुगवून तो गरजला, "माझा!"

गल्ली खो खो हसली. "तुम्हाला इथं कोण ओळखतंय? इथला कोणाचा ते सांगा!"

"उनाईचा," म्हातारा पुटपुटला.

"उनाईच्या दुकानात केस कापतो, तो?"

"तो नव्हे!"

"मग उनाईचा कोण?"

'भाडेकरू' इथं कामाचा नव्हता. फुल्हेन्सियोनं कठडा घट्ट धरला. "नवरा! माझा नेस्तोर उनाईचा नवरा आहे!"

गल्लीत पेल्यांवर चमचे वाजू लागले. एका छत्रीखाली कोणीतरी वर्तमानपत्राची घडी घातली. उनाई! त्यानं किल्ली उंच धरली. "आलो, सासरेबुवा!"

"तू इथंच होतास?"

"पहिल्या हाकेपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं नातं कोणी सांगितलंच नव्हतं."

सुटका होऊन म्हातारा खाली उतरला, तर दारात रेमेदियोस उभी. "वरबाप सापडला! लग्नाचं वर्मुथ पाजायचं राहिलंय, सगळ्या गल्लीला!"

फुल्हेन्सियोची उरलीसुरली झोप उडाली. "आमच्याकडे खर्च मुलीकडचे करतात."

"मग मुलगी दाखवा. घेते तिच्याकडून."

त्यानं नाइलाजानं इकडे-तिकडे पाहिलं. शेवटी तडजोड ठरली: अर्धा खर्च या वरपक्षाचा, अर्धा त्या वरपक्षाचा. पण पायजम्याला खिसा कुठला? दोन्ही वाटे उनाईनंच भरले. उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात खुर्ची ओढून फुल्हेन्सियोनं रिकामा पेला पुढे केला.

"भर रे अजून एक," तो वाढप्याला म्हणाला. "जावयाचे पैसे आहेत."