कमळाकरची आडवी बोअर

जमिनीच्या पोटात काय चाललंय ते वर बसून ओळखावं, तर कमळाकरनंच! निदान निडी गावी सासुरवाडीत पाऊल टाकल्यापासून तो स्वतःच तसं सांगत होता. समुद्रातल्या तेलविहिरीवर त्याची नोकरी. पंचाण्णव साल, तिथे नवीनच यंत्रं आलेली.

"मामा, आमची बोअर खाली जाते आणि मग चक्क आडवी वळते!"

"आडवी? आनि ती कुठं चाललीय ते वर कसं कळतं?" सासरे हैबतराव तपकीर ओढायचंच विसरले.

"टोकाला यंत्र असतं. ते आतल्या चिखलातून वर ठोके पाठवतं. तिकडे ठोका, इकडे आकडा! चुकलं की लगेच दिशा सुधारायची."

"म्हंजे पाताळाची नाडी बघता म्हना की!"

"तसंच. फक्त होकायंत्राशेजारी साधं लोखंड चालत नाही. काटा खुळावतो."

हैबतरावांचे डोळे लकाकले. त्यांची विहीर रस्त्यापलीकडे, घर अलीकडे, रस्त्याच्या भरावाला टेकून. रस्त्यावर नवं डांबर, खणायला पंचायतीची मनाई. सासूबाई रंभाबाईंची हंडे वाहून वाहून मान धरलेली.

"मग आमच्या रस्त्याखालून एक पाईप जाईल काय?"

"आजच!"

कमळाकरनं लोखंडी पाईपवर ऐटीत होकायंत्र ठेवलं आणि दिशा धरली. विहिरीच्या बाजूनं गडी पाईप ठोकू लागले. मोटरचं पाणी पाईपमधून माती मोकळी करत सुटलं. रंभाबाईंना मोरीच्या भिंतीला कान लावून बसवलं होतं.

"जावयबापू, हितं काय नाय!"

"येतील ठोके, मामी!"

"अवो, ठोकं धोंडुबाईच्या घरातून येतात!"

"मामी, मध्ये बोलू नका, मी काटा बघतोय!"

शेजारच्या धोंडुबाईशी एका फणसावरून या घराचं बोलणं बंद होतं. तिची किंकाळी आली, "आगं बाय बाय! चुलीत साप!"

सगळे धावले. चुलीमागची भिंत फोडून पाईपनं तोंड काढलं होतं. भाताचं पातेलं पाण्यावर तरंगत होतं आणि राखेनं माखलेली धोंडुबाई पेणच्या कारखान्यातल्या बिनरंगाच्या गणपतीसारखी बसली होती! कमळाकरला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

रंभाबाईंनी मात्र पाईपखाली हंडा लावला. "रस्ता ओलांडायचा तर वाचला गो!"

"भर भर. पन पाईप हितनं काढाल तर याद राखा!" धोंडुबाई म्हणाली.

हैबतरावांनी होकायंत्र पाईपपासून दूर नेलं, जवळ आणलं, पुन्हा दूर नेलं. काटा गर्रकन फिरायचा. त्यांना भारीच मौज वाटली.

"जावयबापू, रागावू नका, एक विचारू?"

"विचारा."

"समुद्रात तुमी तेल काढता, ते आपल्याच देशाचं काढता ना?"